गाडीतला फोन आणि वॉकीटॉकी : बसवताना काय सांभाळावे



मागच्या वर्षी आपण काही कुटुंबे पाच गाड्या घेऊन तुळजापूर आणि पंढरपूरला गेलो होतो. परतल्यावर सगळ्यांनी प्रसादाचे, दर्शनाचे आणि उमरग्याच्या पुढे खाल्लेल्या भाकरी-पिठल्याचे वर्णन केले. मी मात्र एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. आज ती सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतला आहे.

जाताना पटनचेरूच्या अलीकडे आमची गाडी मागे पडली. पुढच्या गाडीतून फोन येत होता. माझा फोन डॅशबोर्डवर नुसता ठेवलेला होता, खाली एक रबरी चटई होती तेवढीच. वळणावर तो घसरला आणि माझ्या पायांत पडला. समोर एक ऑटो अचानक थांबली. मी ब्रेकवर पाय दिला, तर पेडल अर्ध्यावरच अडले. फोन पेडलखाली जाऊन बसला होता. जोर देऊन दाबल्यावर फोनची काच फुटली आणि गाडी थांबली. ऑटो आणि आमच्यात दोन हातांचे अंतर उरले होते. मागे सौ. आणि दोन्ही नातवंडे बसली होती.

चूक कुणाची? सर्वस्वी माझीच. पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या कर्जाची जोखीम तपासली आणि स्वतःच्या गाडीत दोनशे ग्रॅमची जोखीम मोकळी सोडली. घरी आल्यावर मी हा विषय नीट समजून घेतला. गाडीचे मॅन्युअल पहिल्यांदाच पूर्ण वाचले, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दोन दुपारी बसलो, आणि हॅम रेडिओचा परवाना असलेल्या एका तरुण नातेवाइकाला भरपूर प्रश्न विचारून हैराण केले. मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. त्यामुळे जे मला समजले ते तुम्हालाही समजेल, याची खात्री बाळगा.

आधी कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरायचे संपर्क उपकरण वापरणे हे या कलमात स्पष्टपणे घातले गेले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शब्द 'मोबाइल' असा नाही, 'हातात धरायचे संपर्क उपकरण' असा आहे. म्हणजे चालकाच्या हातातली वॉकीटॉकीसुद्धा त्यात येते.

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी एक सवलत दिली. फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, असे उपकरण वापरता येते. सवलत नकाशापुरती आहे, बोलण्यासाठी किंवा निरोप वाचण्यासाठी नाही.

दंडापेक्षा मला एक साधा हिशेब जास्त पटला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद पाहिले, की ३३ मीटर अंतर आपण डोळे मिटून कापले. आउटर रिंग रोडवर ताशी १०० चा वेग असेल तर तेच अंतर ५५ मीटर होते. हा लेख फोन कुठे आणि कसा बसवावा याबद्दल आहे. पण उत्तम बसवलेला फोनही डोळे आणि मन खेचून घेतोच, हे आधीच लक्षात ठेवू.

फोनची जागा

फोन होल्डर विकत घेताना आपण किंमत पाहतो, जागा पाहत नाही. जागा चार गोष्टींवर ठरते.

पहिली, समोरचा रस्ता झाकला जाऊ नये. काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेत लावलेला फोन पादचारी किंवा दुचाकी सहज झाकतो. होल्डर काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डच्या मध्यभागी, स्टिअरिंगच्या उजव्या-डाव्या हालचालीला न अडता हवा.

दुसरी, एअरबॅगच्या वाटेत काहीही नको. आता नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग असतात. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे सक्तीची झाली आणि पुढच्या प्रवाशाची नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरे कोरलेली असतात. अपघातात ते झाकण फाटून पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. त्या झाकणावर चिकटवलेला होल्डर, देवाची मूर्ती किंवा अत्तराची बाटली मग थेट प्रवाशाच्या तोंडावर येते. आमच्या गाडीत तिथेच छोटा गणपती होता. त्याला आता नमस्कार करून मधल्या कप्प्यात बसवला आहे.

तिसरी, पकड. रबरी चोषकाचे होल्डर हैदराबादच्या उन्हात सैल पडतात. दर आठवड्याला काच ओल्या फडक्याने पुसून, सुकवून पुन्हा दाबावे लागते. एसीच्या जाळीला अडकवायचे होल्डर थंड राहतात, पण जाळीची पट्टी नाजूक असते आणि जड फोनने वाकते. डॅशबोर्डला पक्का बसणारा होल्डर महाग असला तरी सर्वांत भरवशाचा. घेताना फोन लावून होल्डर जोरात हलवून पाहा. दुकानातच हलला, तर रस्त्यावर पडणार.

चौथी, वायर. चार्जिंगची वायर गिअरभोवती, हँडब्रेकवरून किंवा पायांजवळ लोंबता कामा नये. वायर जरुरीपुरतीच लांब घ्यावी आणि कडेने क्लिपा लावून न्यावी.

सैल वस्तू किती जड होते, याचाही हिशेब आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी टक्कर होऊन सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या सैल वस्तूला थांबवायला तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोर लागतो. दोनशे ग्रॅमचा फोन जवळजवळ तीन किलोसारखा वागतो आणि किलोभराचा रेडिओ चौदा किलोसारखा. मागच्या काचेपाशी ठेवलेली पाण्याची बाटली, छत्री, स्टीलचा डबा यांनाही हेच लागू आहे.

ऊन

चैत्र-वैशाखात गाडी उन्हात उभी केली, की आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते आणि डॅशबोर्डला हात लावता येत नाही. बहुतेक फोनांत लिथियम-आयन बॅटरी असते. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापरताना ० ते ३५ अंश आणि नुसता ठेवताना ४५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान योग्य मानते. आपला मे महिना सावलीतच ही मर्यादा गाठतो. म्हणून उभ्या गाडीत फोन, पॉवर बँक किंवा वॉकीटॉकी ठेवून जाऊ नका. गाडी सुरू केल्यावर फोन फार तापला असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. मात्र गार करायला एसीच्या झोतासमोर धरून गाडी चालवू नका. तेही हातात धरणेच झाले.

बारा व्होल्टचे सॉकेट

पूर्वी जिथे सिगारेट पेटवायचे साधन असे, त्या गोल सॉकेटला आज आपण चार्जर लावतो. याला बहुधा १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. फोनचा १८ वॅटचा चार्जर बारा व्होल्टवर दीड-दोन अँपिअर घेतो, म्हणजे काही प्रश्न नाही. प्रश्न येतो तो एकाच सॉकेटला तीन तोंडांचा जोड लावून चार्जर, हवा भरायचा पंप आणि मुलांचा टॅब एकदम चालवला की. पंप एकटाच दहा अँपिअरच्या आसपास घेऊ शकतो.

फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचा नवा घाला. मोठा घालू नका, आणि चांदीचा कागद गुंडाळण्याचा जुना उद्योग तर मुळीच करू नका. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असा माझा समज होता. खरे तर तो मुख्यतः वायरला वाचवतो. दहा अँपिअरच्या वायरवर तीस अँपिअरचा फ्यूज घातला, तर वायर आधी जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. माझ्या भाषेत सांगायचे तर तारण दहा हजारांचे आणि कर्ज तीस हजारांचे.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मी डॅशकॅम बसवून घेतला होता. मुलाने डॅशबोर्डखालची एक वायर सोलून तिच्यावर दुसरी पिळली, वर टेप लावला आणि म्हणाला, "टेन्शन नक्को लो साब, हो गया." सहा महिन्यांनी गाडीत जळका वास येऊ लागला. उन्हाने टेप सुटला होता आणि उघडी तार पत्र्याला घासत होती. नशीब, वास दिवसा आला.

यातून शिकलो ते असे : मूळ वायर सोलून जोड देऊ नये. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा जादा फ्यूजचा जोड मिळतो, तो वापरावा. त्यात नव्या उपकरणाला स्वतंत्र फ्यूज मिळतो आणि कंपनीची वायर कापावी लागत नाही. वायर कापली तर पुढे वॉरंटीचाही वाद होऊ शकतो.

वॉकीटॉकी घ्यायची, पण कोणती?

पाच गाड्यांचा ताफा असला की वॉकीटॉकीची आठवण होतेच. आपल्या गटातही सूचना आली होती. पण इथे घाई करू नका. आपल्याकडे वायरलेस संच वापरायला सरकारी परवाना लागतो. त्यातून काही ठरावीक लहरी आणि कमी शक्तीचे संच वगळले आहेत.

सामान्य माणसासाठी महत्त्वाची सूट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आहे. २०१८ च्या नियमांनुसार या पट्ट्यात हातात धरायचे, अर्ध्या वॅटपर्यंत शक्तीचे आणि अँटेना संचातच कायम बसवलेले रेडिओ परवान्याशिवाय वापरता येतात. तिन्ही अटी एकत्र पाळायच्या. त्याच्या आधी २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडला पाच वॅटपर्यंत, तीही संचातल्याच अँटेनासह, सूट मिळाली होती.

इथेच बरेच जण फसतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे संच पोलिसांच्या किंवा इतर सेवांच्या लहरींवरही बोलू शकतात. ते विनापरवाना वापरणे गुन्हा आहे, आणि एखाद्या रुग्णवाहिकेच्या किंवा अग्निशमन दलाच्या संदेशात आपण 'चहाला थांबायचं का?' घुसडू शकतो, हे त्याहून वाईट. हा बाजार आटोक्यात आणण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संच कोणत्या लहरींवर चालतो आणि परवाना लागतो की नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवे. हे लिहिलेले नसेल, तर घेऊ नका.

अर्ध्या वॅटच्या संचाकडून अपेक्षा मात्र माफक ठेवा. खोक्यावरचे मोठमोठे किलोमीटर हे मोकळ्या मैदानाचे किंवा टेकडीवरचे असतात. गाडीच्या पत्र्याच्या आत बसून, मध्ये ट्रक आणि चढउतार असताना, अंतर बरेच कमी होते. पुढची-मागची गाडी एकमेकींना सांगू शकतात, एवढेच धरून चाला. आणि टपावर अँटेना लावून अंतर वाढवू म्हणाल, तर परवान्याची सूट तिथेच संपते. म्हणून अशा संचाला गाडीत 'बसवायचे' असे काही नसते. त्याला एक घट्ट कप्पा हवा आणि तो चालवणारा शेजारचा माणूस.

हॅम रेडिओ आणि आपले शहर

ज्यांना टपावर अँटेना लावून खरोखर दूर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओ म्हणजे हॅम रेडिओचा मार्ग आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा द्यावी लागते. वयाची किमान अट फक्त बारा वर्षे आहे, त्यामुळे घरातल्या शाळकरी मुलांनाही देता येते. परवान्याबरोबर 'व्हीयू' ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते.

हैदराबादकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था, जी 'नायर' या लघुनामाने ओळखली जाते, ती आपल्याच शहरात १९८३ पासून आहे. डिसेंबर २००४ मध्ये या संस्थेची एक तुकडी हॅम मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होती. भारती प्रसाद तिचे नेतृत्व करत होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरचे लोक जिवंत असल्याचे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. असे संच ऐन वेळी उपयोगी पडतात, पण त्यांच्यामागे परवाना, सराव आणि शिस्त असते.

परवाना असला तरी गाडीतून रेडिओ चालवण्याबाबत त्यात काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

गाडीत रेडिओ बसवताना

गाडीत कायम बसवायचा ५० वॅटचा रेडिओ बोलताना साधारण ११ अँपिअर घेतो. हे काम गोल सॉकेटचे नाही. त्याची वायर थेट बॅटरीपासून आणावी लागते. माझ्या नातेवाइकाने ते कसे केले, ते क्रमाने सांगतो.

फ्यूज बॅटरीजवळ. धन म्हणजे प्लस वायरवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. कारण उघडे आहे. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडू शकते. फ्यूज जर केबिनमध्ये असेल आणि वायर इंजिनपाशी घासून पत्र्याला टेकली, तर मधल्या सगळ्या वायरला कुणीच वाली नाही.

वायरची जाडी. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम असतो. जाऊन-येऊन सहा मीटर वायर धरली तर रोध ०.१ ओहमच्या आसपास. ११ अँपिअरला १.१ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात आणि १२ वॅट उष्णता वायरमध्ये तयार होते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टच्या जवळ आणि उष्णता तीन वॅट. वायरमध्ये वाचवलेले दोनशे रुपये कुठे जातात, ते या हिशेबातून दिसते.

छिद्रातून जाताना. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी कडे हवेच. पत्र्याची धार गाडीच्या हादऱ्यांनी आवरण कापते. शक्यतो कंपनीनेच ठेवलेल्या छिद्रातून वायर न्यावी.

ऋण म्हणजे मायनस वायर. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथेच वायर जोडली तर गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो. अशा गाडीत मायनस वायर बॉडीवरच्या ठरलेल्या अर्थिंगच्या बोल्टला जोडतात. तुमच्या मॉडेलसाठी काय योग्य, ते मॅन्युअल किंवा अधिकृत सेवा केंद्र सांगेल. काही उत्पादक कोणत्या लहरींवर किती वॅटचा रेडिओ चालेल, याचा तक्ताही देतात.

बंद करायला विसरलात तर. थेट बॅटरीवर जोडलेला रेडिओ चावी काढली तरी चालू राहतो. नुसता ऐकताना तो अर्धा अँपिअर घेत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलायला शेजाऱ्यांना बोलवावे लागेल.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या आसपास स्वतः हात घालू नका, काम फक्त अधिकृत केंद्रातच करा.

अँटेना आणि माणसे

अँटेनासाठी टपाचा मध्य सर्वांत चांगला. धातूचे टप अँटेनाला आधार देते आणि आतल्या माणसांना लहरींपासून आडोसाही देते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव लांबीची अँटेना सुमारे अर्धा मीटर भरते. चुंबकाची बैठक लोखंडी पत्र्यालाच धरते. काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या टपाला ती धरत नाही, आणि वेगात ती निसटली तर मागच्या दुचाकीस्वाराचे काय होईल, याचा विचार करा. केबल दारात चेपली जाता कामा नये. चेपलेली केबल वरून ठीक दिसते, पण शक्ती परत रेडिओकडे ढकलते. म्हणून बसवल्यावर एसडब्ल्यूआर नावाचे मोजमाप करतात. ते दीडच्या आत असावे, दोनच्या वर असेल तर बोलू नये.

केबल आणि वायर काचेशेजारच्या खांबातून नेताना विशेष काळजी घ्या. अनेक गाड्यांत त्या अस्तरामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्या वरून किंवा समोरून वायर गेली, तर ती नीट उघडणार नाही. डॅशबोर्डखाली पिवळे कनेक्टर किंवा पिवळे आवरण दिसले तर ते एअरबॅगचे समजा आणि हात लावू नका.

बाहेर कुणी गाडीला टेकून उभे असेल, लहान मूल अँटेनाकडे हात करत असेल, तर बोलायचे बटण दाबू नये. चालू अँटेनाला हात लागला तर भाजते. पेट्रोल पंपावर आणि सुरुंगाचे फलक लावलेल्या खाणींपाशी रेडिओ बंदच ठेवावा.

आपल्या गटात ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, म्हणून पेसमेकरबद्दल वेगळे सांगतो. फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये. चुंबकाचे होल्डर आणि अँटेनाची चुंबकी बैठक यांनाही हेच अंतर लागू आहे; चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जरवर वायरलेस चार्जिंग चालू असेल तर अंतर किमान ३० सेंटिमीटर हवे. बैठक छातीशी धरून टपावर चढवायला जाऊ नका. मोठा रेडिओ बसवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

ताफ्याची शिस्त

वस्तू नीट बसल्या तरी त्या वापरण्याची रीत ठरवावी लागते. यंदाच्या सहलीसाठी आम्ही पाच नियम केले.

१. बोलणार तो शेजारी बसलेला माणूस. चालकाने फोनही घ्यायचा नाही आणि वॉकीटॉकीही नाही.
२. नकाशा गाडी सुरू करण्यापूर्वी लावायचा. बदल करायचा तर गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी थांबवून.
३. भेटायची ठिकाणे आधीच ठरवायची : सदाशिवपेठ, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. एखादी गाडी मागे पडली तरी धावाधाव नाही, पुढच्या ठिकाणी थांबायचे.
४. निरोप छोटे. "तीन नंबर, पंक्चर, डावीकडे थांबतोय." गप्पा जेवताना.
५. अडचणीत ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे आकडे कागदावर लिहून प्रत्येक गाडीत. हैदराबादहून १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झालेली १०८ ची सेवा आपल्या परिचयाची आहे, पण घाबरल्यावर परिचयाचे आकडेही आठवत नाहीत.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

गाडी काढण्यापूर्वी एवढे पाहा : होल्डर हलवून पाहिला का, पेडलांजवळ काही सैल आहे का, वायर गिअरला अडकत नाही ना, एअरबॅगच्या झाकणावर काही ठेवलेले नाही ना, जळका वास किंवा गरम प्लग नाही ना. रेडिओ असेल तर फ्यूज, अर्थिंगचा बोल्ट आणि अँटेनाची बैठक. पाच मिनिटे पुरतात. बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय आम्ही घरी जात नव्हतो, त्याच सवयीने मी आता हे करतो.

यंदा कार्तिकात आपण पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पटनचेरूच्या त्याच वळणावर फोन वाजला. तो होल्डरमध्ये घट्ट बसलेला होता आणि मी त्याच्याकडे पाहिले नाही. नातू शेजारी बसला होता. त्याने फोन बंद केला, वॉकीटॉकी उचलली आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, "आजोबा गाडी चालवतायत. निरोप मला सांगा."